रोझहिपचा चहा घशाला टोचतो, सिरप फिकं पडतं, वाळवलेली फळं बुरशी धरतात: दरवर्षी तेच का होतं?

पहिल्या वर्षी वाटतं, काहीतरी चुकलं असेल. रोझहिपचा, म्हणजे गुलाबाच्या फळांचा, चहा केला, रंग सुरेख आला, आंबटगोड चवही जमली, आणि अर्ध्या तासाने घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायला लागलं. खाकरून जात नाही, पाणी पिऊन जात नाही. दुसऱ्या वर्षी फळं दोनदा धुऊन घेतली, तरी तेच. तिसऱ्या वर्षी माणूस ठरवून टाकतो की आपल्याला हे सोसत नाही, आणि गुलाबाच्या झुडपावर लालभडक झालेली फळं तशीच वाळून जातात. मी स्वतः या वाटेने गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक वेळा हा दोष ना फळाचा असतो, ना आपल्या प्रकृतीचा. तो असतो फळाच्या आतल्या कुसांचा.

(ओठ, जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर ती गोष्ट वेगळी. तिथे घरगुती तपास करत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा.)

आधी एक फळ उभं कापून बघा

नीट पिकलेलं एक फळ घ्या, देठाकडून टोकाकडे उभा काप द्या आणि दोन्ही अर्ध्या भागांकडे उजेडात बघा. बाहेरची लाल भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची. आत पोकळी, आणि त्या पोकळीत फिकट पिवळसर, टणक बिया एकमेकींना चिकटून ठासून भरलेल्या. बियांच्या मधल्या फटींत आणि भिंतीच्या आतल्या बाजूला चंदेरी केसांचा पुंजका दिसेल. दिसायला रेशमासारखा मऊ, पण बोटाला लागला की ताठ आणि टोकदार. ही कुसं. खाजकुयली ज्यांच्या अंगाला लागली आहे त्यांना जास्त सांगायला नको. या कुसांची खाजेची पूड करून एकमेकांच्या मानेवर टाकायचा खोडकरपणा युरोपातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे.

आपण ज्याला फळ म्हणतो ती लाल भिंत वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरं फळच नाही. फुलाच्या तळाशी जी पेल्यासारखी बैठक असते, ती फुगून मांसल होते आणि तिचं हे बोंड बनतं. खरी फळं म्हणजे आपण ज्यांना बिया म्हणतो त्या. म्हणून रोझहिपकडे गरानं भरलेलं फळ म्हणून न बघता डबी म्हणून बघा. कामाची वस्तू म्हणजे डबी, आणि आत जे भरलंय ते चहा-सिरपाच्या उपयोगाचं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी आपोआप उलगडतात. धुऊन उपयोग का होत नाही, तर आपण डबी बाहेरून धुतो. बुरशी का येते, तर डबी बंद असते आणि ओल आत कोंडते.

घशाला टोचणं: कुसं नेमकी कुठून शिरतात

सगळ्यात मोठा गुन्हेगार मिक्सर. अख्खी फळं मिक्सरमध्ये घालून गरगर फिरवली की बिया फुटतात आणि कुसांचे बारीक तुकडे होतात. मग ते तुकडे कुठल्याही चाळणीतून आरामात पार होतात. अख्ख्या वाळलेल्या फळांची घरी केलेली पूड घशाला सगळ्यात जास्त टोचते ती याच कारणाने. फळं फोडायचीच असतील तर जाडसर भरड करा. खलबत्त्यात दोन-चार ठोके पुरतात.

दुसरी चूक गाळण्याची. चहाची नेहमीची जाळी बिया अडवते, कुसं अडवत नाही. दाट विणीचं सुती कापड दुमडून दोन पदरी घ्या, किंवा कॉफीचा कागदी फिल्टर वापरा. कापडातून गाळताना शेवटी पिळायचा मोह होतो, तो टाळा. पिळलं की दाबाने कुसं विणीतून बाहेर येतात. पुरचुंडी टांगून ठेवा, जे थेंब थेंब गळेल तेवढंच घ्या. आणि एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला: गाळायला सुरुवात केल्यावर पहिला अर्धा कप जो रस येतो, तो परत त्याच कापडात ओता. सुरुवातीला कापडाची छिद्रं मोकळी असतात आणि कुसं निसटतात. थोडा लगदा कापडावर बसला की तोच गाळणीचं काम करायला लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या अन्न मंत्रालयाने घरोघरी सिरप करण्यासाठी जी कृती छापली होती, तिच्यात ही सूचना स्पष्ट दिलेली आहे.

गाळून झालं की खात्री करून घ्या. गडद रंगाच्या बशीत चमचाभर रस ओता, मोबाईलचा टॉर्च कडेने मारा. कुसं असतील तर बारीक चकचकीत रेघा दिसतात. दिसल्या तर कापड बदलून पुन्हा गाळा.

चहासाठी वाळवलेली फळं वापरत असाल तर आणखी सोपी रीत आहे. पूर्ण वाळलेल्या फळांची जाडसर भरड करा आणि ती तारेच्या चाळणीत घालून जोरात चाळा. वाळल्यावर कुसं सुटी होतात आणि राखाडी धुळीसारखी खाली पडतात. हे काम घराबाहेर करा, वारा पाठीशी घ्या, नाक-तोंड बांधा, हातमोजे घाला. ती धूळ डोळ्यात किंवा नाकात गेली तर दिवसभर पुरते. खाली धूळ पडायची थांबली की चाळणीतला माल तयार. तरीही कपात ओतताना कापडातून गाळायची सवय सोडू नका. आणि हा त्रास घशापुरता राहत नाही. कुसं पचत नाहीत, ती टोचत टोचत पार शेवटपर्यंत जातात. लहान मुलांनी झाडावरची फळं तोडून अख्खी खाल्ली तर नंतर गुदद्वाराशी खाज सुटते ती यामुळे. मुलांना फळाची फक्त बाहेरची भिंत कुरतडायला शिकवा.

जॅमसाठी मात्र फळं फोडून आतला भाग काढण्याला पर्याय नाही, आणि तिथे वेळ साधावी लागते. ताज्या, रसरशीत फळात कुसं ओलसर गराला चिकटून बसतात. कडक वाळलेलं फळ फोडताना सालीचे तुकडे उडतात. मधली वेळ उत्तम: एक-दोन दिवस पसरून ठेवल्यावर साल सुरकुतते, चामड्यासारखी होते, तेव्हा उभा काप देऊन छोट्या चमच्याच्या टोकाने आतलं सगळं एका फटक्यात निघतं. मग रिकाम्या डब्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. इथे धुण्याचा खरा उपयोग होतो, कारण आता डबी उघडी आहे.

हे किचकट वाटत असेल तर फळाची निवड बदला. रोझा रुगोसा या जातीची फळं मोठी, चपटी, टोमॅटोसारखी आणि जाड भिंतीची असतात, ती साफ करायला सोपी जातात. डॉग रोझ, म्हणजे रोझा कॅनिना, हिची फळं लांबट, लहान आणि पातळ भिंतीची. त्यांचं सिरप करावं, जॅमच्या फंदात पडू नये असं माझं मत आहे.

सिरपाचा रंग आणि जोर दोन्ही जातात

रोझहिपचं नाव झालं ते व्हिटॅमिन सी मुळे. ताज्या रानटी रोझहिपच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. संत्र्यात तेवढ्याच वजनाला ५० च्या आसपास. जातीप्रमाणे आणि पिकण्याच्या अवस्थेप्रमाणे हा आकडा बराच खालीवर होतो, पण अंतर मोठं आहे हे नक्की. युद्धामुळे ब्रिटनमध्ये बाहेरून येणारी संत्री जवळजवळ बंद झाली, तेव्हा १९४१ पासून कुंपणाकडेची रोझहिप्स गोळा करायची मोहीमच निघाली. शाळकरी मुलं पोती भरून फळं आणायची आणि त्यांचं सिरप लहान मुलांसाठी वाटलं जायचं.

आता इतकं व्हिटॅमिन असलेल्या फळाचं सिरप घरी केलं की पुष्कळदा त्यात फारसं काही उरत नाही. कारण फळाच्या पेशींमध्ये व्हिटॅमिन सी मोडणारं एक एन्झाइमही असतं. फळ अख्खं आहे तोवर दोघं वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. चिरलं, ठेचलं की भिंती पडतात, हवा मिळते, आणि मोडतोड सुरू होते. फळं संध्याकाळी चिरून ठेवली आणि सकाळी सिरप करायला घेतलं, तर रात्रभरात बरंचसं काम बिघडलेलं असतं. एन्झाइम उष्णतेने मरतं. म्हणून आधी पाणी खळखळून उकळवायचं, मग फळं भरडायची आणि भरडल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाकायची. थंड पाण्यात घालून हळूहळू तापवायचं नाही. तसं केलं तर एन्झाइमला कोमट पाण्यात निवांत काम करायला वेळ मिळतो.

त्या युद्धकाळातल्या कृतीचं प्रमाण आजही मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. आपल्या मापात साधारण असं: ९०० ग्रॅम फळं, १.७ लिटर उकळतं पाणी. फळं भरडून लगेच पाण्यात, पुन्हा उकळी आली की आच बंद, १५ मिनिटं तसंच राहू द्या. कापडातून गाळा. लगदा पुन्हा भांड्यात घेऊन त्यावर ८५० मिलिलिटर उकळतं पाणी ओता, ढवळा, १० मिनिटांनी परत गाळा. दोन्ही रस एकत्र करून ८५० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा, ५६० ग्रॅम साखर घाला, पाच मिनिटं उकळा, आणि गरम केलेल्या निर्जंतुक बाटल्यांत भरून लगेच बंद करा. बाटल्या लहान घ्या, कारण एकदा उघडलेलं सिरप आठवडा-दोन आठवड्यांच्या वर टिकत नाही. उजेडात ठेवू नका.

भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा न उडालेल्या इनॅमलचं घ्या. तांबं आणि लोखंड यांच्या संपर्कात व्हिटॅमिन सी झपाट्याने नासतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यातही नको, पितळेत तांबंच असतं.

फळं कधी तोडायची यावर फार वाद होतात. गारठा पडून फळं मऊ झाल्यावर तोडावीत, असं जुनं सांगणं आहे. त्यामागचं कारण खरं आहे: गोठून वितळल्यावर साल मऊ पडते, गर सहज निघतो, गोडीही जास्त लागते. पण व्हिटॅमिनचा विचार केला तर फळ पूर्ण रंगावर आलेलं आणि अजून घट्ट असतानाच तोडलेलं चांगलं. मऊ, काळपट पडायला लागलेल्या फळात ते उतरणीला लागलेलं असतं. मी घट्ट फळं तोडतो आणि मऊपणा हवा असेल तर एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवतो. मात्र फ्रीजरमधून काढलेली फळं वितळायची वाट बघू नका, गोठलेलीच भरडून सरळ उकळत्या पाण्यात टाका. वितळताना पेशी फुटलेल्याच असतात, म्हणजे वर सांगितलेली मोडतोड तिथेच सुरू होते.

आणि चहा फिका येत असेल तर बहुधा फळं अख्खी टाकलेली असतात. सालीवर मेणासारखा थर असतो, गरम पाणी तीन मिनिटांत आत पोहोचत नाही. भरड घ्या, झाकण ठेवून १० ते १५ मिनिटं मुरू द्या.

वाळवलेल्या फळांना बुरशी

अख्खी फळं वाळवली तर बाहेरून कडकडीत लागतात आणि आत ओल राहते. बरणी बंद केली की दोन-तीन आठवड्यांत आत पांढरं जाळं दिसतं. फळं अर्धी कापून आतलं काढून वाळवा. फळं वाळवायचा ड्रायर असेल तर ४० ते ५० अंश सेल्सिअस, एका थरात, मधूनमधून हलवत. कडक उन्हात रंग आणि व्हिटॅमिन दोन्ही उडतात, त्यामुळे सावलीतली खेळती हवा बरी. वाळलं की नाही हे बोटाने ठरवू नका, मोडून बघा. तुकडा कट्‌कन तुटायला हवा, वाकता कामा नये. बरणीत भरल्यावर पहिला आठवडा रोज काचेकडे बघा. आतून धुकं धरलं तर सगळं बाहेर काढून परत वाळवा. बुरशी दिसली तर वरवरची पुसून बाकीची वापरू नका, सगळी टाका.

जेली बसत नाही

रोझहिपमध्ये पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा फळातला पदार्थ, असतं, पण एकट्याच्या बळावर जेली घट्ट बसेल इतका भरवसा धरू नये, आणि आंबटपणाही कमी पडतो. आंबट सफरचंदं निम्म्याला घाला. ती गुलाबाच्याच कुळातली, चव मारत नाहीत. नाहीतर लिंबाचा रस आणि विकतचं पेक्टिन. थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सिअस ही जेली तयार झाल्याची खूण.

झाडाला फळंच धरत नाहीत

ही तक्रार सहसा ज्यांच्याकडे दाट पाकळ्यांचे गुलाब आहेत त्यांची असते. दुहेरी फुलांत बऱ्याच पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग कमी, आणि बियाणं धरण्याची ताकदही अनेक संकरित जातींत नसते. फळं हवीत तर पाच पाकळ्यांचा साधा गुलाब लावा. मधमाश्यांना गुलाबाकडून मिळतो तो मुख्यतः पराग, मध जवळपास नाहीच. तेव्हा पराग उघडा दिसणारं फूलच त्यांना बोलावतं.

दुसरं कारण आपला हात. सुकलेली फुलं खुडायची चांगली सवय इथे आड येते, कारण खुडलेल्या फुलाबरोबर फळही गेलं. आणि वर्षातून एकदाच फुलणारे रानटी गुलाब आधीच्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. थंडीत त्यांची सरसकट छाटणी केली तर पुढची फुलं, आणि म्हणून फळं, छाटणीबरोबरच कचऱ्यात जातात. अशा झुडपांच्या फक्त वाळलेल्या आणि खूप जुन्या फांद्या काढा.

फळं धरून पिकताना वेडीवाकडी होत असतील, सालीवर तपकिरी डाग पडून आत पांढरी अळी निघत असेल, तर ती फळमाशी. युरोपात रॅगोलेटिस अल्टर्नाटा ही जात रोझहिपवर अंडी घालते आणि तिची अळी भिंतीचा गर खाते. डागी फळं वेळीच तोडून नष्ट करा. झाडाखाली पडलेलीही उचला, कारण अळी तिथेच मातीत कोश करते. फवारणी करायचीच ठरवली तर त्या वर्षी ती फळं खायची नाहीत. फुलांसाठी म्हणून वाढवलेल्या, औषधं मारलेल्या झाडांची फळंही खाऊ नका.

तेलाबद्दलचा गैरसमज

रोझहिपचं तेल लावून व्हिटॅमिन सी मिळत नाही अशी निराशा बरेच जण व्यक्त करतात. ती व्हायचीच. तेल निघतं बियांतून, आणि व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळणारं, तेही भिंतीत. तेलात असतात ती लिनोलेइक आणि लिनोलेनिक आम्लं. त्यामुळे ते कोरड्या त्वचेला मऊ ठेवायला चांगलं, पण हीच आम्लं हवेने आणि उजेडाने लवकर खवट होतात. गडद काचेची छोटी बाटली, फ्रीजमध्ये. जुन्या रंगासारखा वास यायला लागला की चेहऱ्याला लावू नका.

सांधेदुखीवर रोझहिपच्या पुडीचे काही लहान प्रयोग झाले आहेत आणि त्यांत दुखणं थोडं उतरल्याचं दिसलं आहे. थोडं, एवढंच. त्यावर विसंबून चालू औषध बंद करू नका. ज्यांच्या शरीरात लोह साचण्याचा आजार आहे किंवा ज्यांना वारंवार मुतखडे होतात, त्यांनी सिरप किंवा पूड रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. व्हिटॅमिन सी लोह शोषायला मदत करतं, आणि त्याचं प्रमाण फार झालं तर मुतखड्याची शक्यता वाढते.

काढलेल्या बियांचं काय

साफसफाईत वाटीभर बिया उरतात. त्या पेरून काही उगवत नाही ही शेवटची तक्रार. डॉग रोझचं बी आधी दोन-तीन महिने उबेत ओलसर आणि नंतर दोन-तीन महिने चार अंशांच्या आसपास थंडीत राहिल्याशिवाय जागं होत नाही. बाहेर कुंडीत पेरलं तर कधीकधी दुसरा हिवाळा सरेपर्यंत थांबावं लागतं. बिया चोळून कुसं काढा, ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरा, वर तारीख लिहा. रोप आलं की ते बरंचसं आईसारखंच दिसेल: डॉग रोझच्या ३५ गुणसूत्रांपैकी २८ आईकडून येतात आणि बापाकडून फक्त ७. ज्या झुडपाची फळं मोठी आणि जाड भिंतीची, त्याच्याच बिया वेगळ्या ठेवा.